अंगात चरबीच कमी असेल तर कुल्ल्यांचं फॅट ट्रान्सफर कितपत जमतं? (कोल्हापूर)

कटीबद्ध

नमस्कार. उपदेश नको, माहिती हवी, म्हणून इथे विचारतेय.

वय २९, उंची १५८ सेंमी, वजन ४६ किलो, बीएमआय १८.४. एक सिझेरियन झालेलं. शरीर मुळातच काटकुळं, कुल्ले सपाट, आणि कंबरेच्या हाडाखाली दोन्ही अंगांना खळगे. पोटावरची, मांडीवरची चरबी काढून मागे भरतात ती बीबीएल नावाची शस्त्रक्रिया करायचा विचार आहे. दोन ठिकाणी विचारलं. एकीकडे म्हणाले, पाच किलो वजन वाढवा आणि मग या. दुसरीकडे म्हणाले, काही वाढवायला नको, प्रत्येक बाजूला ४०० सीसी आरामात बसेल. दोघांपैकी एकाचं गणित चुकतंय एवढं नक्की.

माझ्यासारखीच्या अंगातून खरोखर किती चरबी निघते आणि त्यातली किती टिकते? वजन वाढवून गेलं तर नंतर ते उतरल्यावर मागचंही उतरणार का? जिवाला धोका असतो म्हणतात, तो नेमका कशाने? आणि घर राजारामपुरीत, नोकरी शिरोली एमआयडीसीत, जाणं-येणं स्कूटीवर. किती दिवस बसायचं नाही? पुण्याला करून घेतलं तर परत यायचं कसं?

टाका_क्रमांक_तीन

ताई, आधी त्या ४०० सीसीचाच हिशोब मांडू.

सीसी म्हणजे मिलीच. दोन्ही बाजू मिळून ८०० मिली साफ केलेली चरबी लागणार. लायपोसक्शनच्या (नळीने चरबी ओढण्याच्या) बरणीत जे जमतं ते सगळं चरबी नसतं. आधी टोचलेलं सलाइन त्यात परत येतं, थोडं रक्त असतं, फुटलेल्या पेशींचं तेल असतं. बरणी अर्धा तास स्थिर ठेवली की थर लागतात: वर तेल, मध्ये पिवळी चरबी, खाली तांबूस पाणी. कामाचा फक्त मधला थर, आणि तो एकूण मालाच्या साधारण निम्मा. म्हणजे ८०० हवी तर बरणीत १५०० ते १६०० मिली यायला पाहिजे. ४६ किलोच्या अंगातून एवढं ओढायचं तर कातडीखाली अस्तरच उरणार नाही.

बीएमआय १८-१९ असलेल्या बाईच्या पोटावरून, कंबरेच्या कडांवरून, पाठीच्या खालच्या भागातून, मांडीच्या आतून आणि ब्राच्या पट्ट्याखालच्या वळीतून असं सगळं गोळा केलं तर ९०० ते १२०० मिली माल निघेल असं धरा. साफ केल्यावर ४५० ते ६००. एका बाजूला २२५ ते ३००. त्यातली ६० ते ७० टक्के जगली तर सहा महिन्यांनी हातात उरतं १३५ ते २१० मिली. एका बाजूला जेमतेम एक क्वार्टर. (ज्यांना माप कळायचं त्यांना कळलं.) हे कमी नाही, दिसतं. पण इन्स्टाग्रामवरचे फोटो डोळ्यांसमोर ठेवून गेलात तर निराशा पदरी.

अंदाज घरीच घेता येतो. उभं राहून बेंबीच्या बाजूला आणि कंबरेच्या कडेला चिमटा धरा. वळी दोन सेंमीपेक्षा जाड आली तर काढण्यासारखं काही आहे. एक सेंमीच्या आत असेल तर तिथून काढणं म्हणजे खड्डे पाडून घेणं. बारीक माणसात खरी फसगत मागे होत नाही, पुढे होते. चरबी काढताना कातडीखाली आठ-दहा मिलिमीटरचा थर राखावा लागतो. तो गेला की कातडी स्नायूला चिकटते, पोटावर पन्हाळी पडतात, मांडी उजेडात खडबडीत दिसते. हे नंतर दुरुस्त करायला चरबीच लागते, आणि ती तर संपलेली. म्हणून डॉक्टरांकडे कुल्ल्यांचे फोटो मागण्याआधी, तुमच्यासारख्याच बारीक पेशंटच्या पोटाचे आणि मांडीचे सहा महिन्यांनंतरचे फोटो मागा. काढायची कॅन्युला (आतून पोकळ नळी) तीन-साडेतीन मिलिमीटरची, ओढ मध्यम आणि खोल थरातून, असं उत्तर आलं तर माणूस जपून काम करणारा. ओढ पूर्ण लावली तर वेळ वाचतो, पण पेशी फुटतात आणि बरणीत तेलच जास्त जमतं.

सिझेरियन झालंय, म्हणून पोटाची सोनोग्राफी आधी करून घ्या. व्रणाखाली किंवा बेंबीत छोटा हर्निया असेल तर बारीक पोटात कॅन्युला थेट आतड्यापर्यंत जाऊ शकते. हाताने तपासून लहान हर्निया नेहमी कळतोच असं नाही.

आता वजनाचं. पाच किलो वाढवलं तर तुम्ही ५१ वर जाल, बीएमआय २०.४. तसंही १८.५ च्या खाली म्हणजे कमी वजन, त्यामुळे थोडं वाढवणं वाईट नाही. पण चरबी कुठे साठायची हे शरीर ठरवतं, आपण नाही. कोणाच्या कंबरेवर येते, कोणाच्या दंडावर, कोणाच्या चेहऱ्यावर. दोन किलो वाढवून महिनाभर थांबा आणि चिमटा पुन्हा मोजा. वळी वाढलीच नसेल तर आणखी तीन किलो वाढवूनही फारसा फरक पडणार नाही. आणि वाढवलेलं वजन पुढे टिकवणार असाल तरच वाढवा. भरलेली चरबी ही जिवंत चरबी, पोटातून आलेली मागे गेली तरी पोटातल्यासारखीच वागते. वजन उतरलं की तिच्या पेशीही आकसतात. जे वजन तुम्ही कायम ठेवू शकता त्या वजनावर शस्त्रक्रिया करायची, हा साधा नियम. गंगावेशीत उभं राहून तीन महिने धारोष्ण दूध प्यायचं आणि ऑपरेशन झालं की पुन्हा चहा-बिस्किटावर यायचं, असं केलं तर पैसे पाण्यात.

थोडी चरबी कुठे घालायची हाच बारीक पेशंटमधला खरा निर्णय. सगळी मागे टोक काढायला वापरली तर ती पसरून जाते, काही दिसत नाही. तुमच्या वर्णनावरून बाजूचे खळगे आणि वरचा-बाहेरचा भाग एवढंच भरणं फायद्याचं. खळग्यात ६० ते १०० मिली पुरतं, आणि समोरून दिसणारी रेषा बदलते. मात्र तिथली कातडी खालच्या तंतूंनी घट्ट बांधलेली असते, त्यामुळे तिथे चरबी टिकतेही कमी. शिवाय कंबरेच्या कडांवरून काढलेले २००-३०० मिली हे स्वतःच अर्धं काम करतात. कंबर आत गेली की न भरताही मागचा भाग भरल्यासारखा दिसतो.

कोंबून भरू नये याचं कारण ऐका. टोचलेल्या चरबीला पहिले काही दिवस स्वतःची रक्तवाहिनी नसते, शेजारच्या पेशींकडून झिरपेल त्यावर ती जगते. हे झिरपणं कडेपासून दीड-दोन मिलिमीटरच पोचतं. म्हणून कॅन्युला मागे घेत घेत, शेवयांसारख्या बारीक धारा वेगवेगळ्या बोगद्यांत सोडायच्या. लाडू टाकला तर मधला भाग मरतो. मेलेल्या चरबीची तेलाची गाठ होते किंवा खडा होतो. बारीक बाईची कातडी ताणलेली, जागा थोडी. त्यात ४०० कोंबले तर आतला दाब वाढतो, सूक्ष्म रक्तप्रवाह थांबतो, आणि २५० घातल्यावर जेवढी जगली असती तेवढीही जगत नाही.

दुसरी फेरी सहा महिन्यांआधी नाही. आणि बारीक पेशंटला दुसऱ्या फेरीला माल कुठे? आधी काढलेली जागा आतून व्रणाने घट्ट झालेली असते. "उरलेली चरबी फ्रीझ करून ठेवू" असं कोणी म्हटलं तर नम्रपणे नाही म्हणा. गोठवलेल्या पेशींचं जगणं फार बेभरवशाचं.

पन्हाळ्याचा_वारा

चरबी स्नायूत भरली तर जास्त टिकते ना? तिथे रक्तपुरवठा भरपूर. बारीक माणसाला कातडीखाली जागाच नाही, मग थोडी मांसात घातली तर काय बिघडलं?

भूलचूक

माणूस ऑपरेशनच्या टेबलावरच दगावतो, एवढंच बिघडतं.

तुम्ही म्हणता तेच पूर्वी शिकवलं जायचं, आणि त्यातूनच मृत्यू झाले. मोठ्या नितंब-स्नायूच्या खाली वरची आणि खालची अशा ग्लुटियल शिरा आहेत, चांगल्या जाड, आणि त्यांचा रस्ता सरळ पोटातल्या मोठ्या शिरेकडे, तिथून हृदयाच्या उजव्या बाजूला आणि फुप्फुसात. कॅन्युलाने शीर फाटली, भोवती दाबाने चरबी भरलेली आहे, शिरेत दाब कमी. चरबी आत ओढली जाते. शीर नुसती ताणून चिरली तरी पुरतं. मिनिटांत फुप्फुसाची मुख्य वाट बंद. २०१५ मध्ये मेक्सिको आणि कोलंबियातल्या २२ मृत्यूंचा अभ्यास प्रसिद्ध झाला. पुढे २०१७ मध्ये अमेरिकेतल्या सौंदर्य-शल्यचिकित्सकांच्या कृती गटाने शवविच्छेदनं तपासली तेव्हा प्रत्येकात चरबी स्नायूत सापडली. फक्त कातडीखाली चरबी असलेला मृत्यू त्यांत नव्हता. त्या वेळी काढलेला मृत्यूचा दर साधारण ३००० शस्त्रक्रियांमागे एक, म्हणजे सौंदर्यासाठीच्या कुठल्याही शस्त्रक्रियेपेक्षा भयंकर. २०१८ मध्ये अनेक देशांच्या संघटनांनी मिळून सांगितलं, स्नायूत अजिबात नाही. त्याच वर्षी ब्रिटनमधल्या संघटनेने आपल्या सदस्यांना ही शस्त्रक्रियाच करू नका म्हटलं, आणि २०२२ मध्ये ती पुन्हा मोकळी केली ती कातडीखालीच आणि सोनोग्राफीने बघत भरायची या अटीवर. फ्लोरिडात २०२२ मध्ये नियम काढला की एका सर्जनने दिवसाला तीनपेक्षा जास्त करायच्या नाहीत, कारण थकलेला हात खोल जातो.

आता बारीक पेशंटचं. जाड्या माणसात कातडी ते स्नायूचं आवरण हे अंतर चार-पाच सेंमी असतं, हाताला चुकायला जागा मिळते. ४६ किलोच्या बाईत ते दीड-दोन सेंमीसुद्धा असू शकतं. कॅन्युलाचं टोक जरा खाली झुकलं की आवरणाच्या पार. म्हणजे "भरायचं थोडंच आहे, धोकाही थोडा" हे बरोबर उलटं आहे. सोनोग्राफीचा प्रोब निर्जंतुक पिशवीत घालून हाताशी, आणि टोक पडद्यावर दिसल्याशिवाय पिस्टन दाबायचा नाही, हा आग्रह बारीक पेशंटमध्ये जास्त धरावा. भरायची कॅन्युला बोथट, चार मिलिमीटर किंवा जाड, न वाकणारी. बारीक कॅन्युला वाकते, आणि वाकलेलं टोक कुठे आहे ते हाताला कळत नाही. कुल्ल्याखालच्या घडीतून छेद घेऊन वरच्या दिशेने भरताना टोक खाली झुकण्याची भीती सगळ्यात जास्त. आवरण शाबूत राहिलं तर कातडीखालची चरबी आपणहून आत उतरत नाही, हे मात्र निश्चिंतीचं.

भुलेच्या बाजूने काही गोष्टी. चरबी काढण्याआधी टोचायच्या द्रवात एक लिटर सलाइनमागे साधारण ५०० मिलिग्रॅम लिग्नोकेन (बधिर करणारं औषध) आणि एक मिलिग्रॅम अॅड्रेनॅलिन (रक्तवाहिन्या आवळणारं) असतं. लिग्नोकेनची वजनाला ३५ मिलिग्रॅम प्रति किलो ही नेहमीची मर्यादा, म्हणजे ४६ किलोला १६१० मिलिग्रॅम. तीन लिटर टोचलं की १५०० झालं, पुढे जायचं तर नुसतं अॅड्रेनॅलिन घालून. पूर्ण भूल असेल तर लिग्नोकेन आणखी कमी करता येतं. ते रक्तात कमाल पातळीला जातं ८ ते १४ तासांनी, म्हणजे पेशंट घरी गेल्यावर. ओठ बधिर होणं, कानात गुणगुण, तोंडात धातूची चव ही ते जास्त झाल्याची सुरुवात. तेव्हा रात्रभर ठेवून घेणारं हॉस्पिटल पाहिजे, "संध्याकाळी घरी" वालं नको.

बारीक माणूस टेबलावर पटकन गार पडतो. तीन तास उघडं अंग, आत लिटरभर थंड द्रव. द्रव कोमट करून घेतात का, गरम हवेचं पांघरूण आहे का, हे विचारा. गार पेशंटचं रक्त नीट गोठत नाही. रक्ताचंच बघा, ४६ किलोत एकूण तीन लिटरच्या आसपास असतं. हिमोग्लोबिन ११ च्या खाली असेल तर आधी लोहाच्या गोळ्या, मग तारीख. त्या गोळ्या चहा-दुधाबरोबर घेऊ नका, लागू होत नाहीत.

चरबी शिरेत गेलीच तर आम्हाला मॉनिटरवर बाहेर पडणारा कार्बन डायऑक्साइड एकदम कोसळताना दिसतो, मग ब्लडप्रेशर, मग ऑक्सिजन. चरबीच्या मोठ्या गोळ्यावर खात्रीचा उपाय नाही, छातीवर दाब देत राहणं आणि आयसीयू. बारीक थेंब गेले तर दम लागणं, भ्रम, छातीवर-काखेत बारीक लाल ठिपके असा प्रकार तीन दिवसांपर्यंत होऊ शकतो. म्हणून आयसीयू त्याच इमारतीत हवा. "गरज पडली तर पलीकडे हलवू" हे उत्तर चालणार नाही, मग हॉस्पिटल कोल्हापुरातलं असो की पुण्याचं.

कटीबद्ध

भूलचूक, वाचून घाम फुटला, पण हेच हवं होतं. सर्जन कसा ओळखायचा तेही सांगा. आणि चरबीऐवजी दुसरं काही असतं का?

टाका_क्रमांक_तीन

पदवी बघा: एमसीएच किंवा डीएनबी, प्लास्टिक सर्जरीत. "कॉस्मेटॉलॉजी"ची प्रमाणपत्रं भिंतीवर कितीही असोत, ती पदवी नव्हे. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे नोंदणी क्रमांक आणि नोंदलेली अधिकची पदवी तपासता येते. मग तीनच प्रश्न विचारा: कुठल्या थरात भरता, सोनोग्राफी भरतानाच लावता की नुसती आधी, आणि त्या दिवशी माझ्याशिवाय किती केसेस आहेत. संकोच वाटू देऊ नका, चांगल्या सर्जनला हे प्रश्न आवडतात.

खर्चाचा लेखी तपशील घ्या: सर्जन, भूल, ऑपरेशन थिएटर, खोली, गारमेंट (नंतर घालायचा घट्ट कपडा) वेगवेगळं. सौंदर्यासाठीच्या शस्त्रक्रियेला आरोग्यसेवेची जीएसटी सूट नाही, ते आकड्यात धरलंय का विचारा. मेडिक्लेम यातलं काही देत नाही, बहुधा त्यातून उद्भवलेली गुंतागुंतही नाही.

पर्याय म्हणाल तर सिलिकॉन इम्प्लांट. चरबी नसलेल्यांसाठीच ते आहे. छेद मधल्या घडीत, खिसा स्नायूच्या आत किंवा आवरणाखाली. छेदाची जागा शौचाच्या मार्गाशेजारी, त्यामुळे टाके उघडणं, पाणी साचणं, जंतू हे प्रकार चरबीपेक्षा बरेच जास्त. इम्प्लांट फिरतं, कडा हाताला लागते, आणि बारीक माणसात ती कडा दिसतेही. आयुष्यभर कमरेत सुई घ्यायची नाही, दंडात किंवा मांडीतच. स्तनासाठीचं इम्प्लांट तिथे वापरतो म्हणणाऱ्याकडून उठून यायचं. ते बसण्याच्या वजनासाठी बनवलेलं नसतं. छोटं इम्प्लांट आणि कडा झाकायला थोडी चरबी, असा मिश्र प्रकारही करतात. तुमच्या बांध्याला मी तो दुसऱ्या क्रमांकावर ठेवीन.

पॉलिलॅक्टिक अॅसिडची इंजेक्शनं कोलाजेन (कातडीला भरीव ठेवणारं प्रथिन) वाढवतात. बऱ्याच बाटल्या, दोन-तीन बैठका, आणि बदल हलका. खळग्यापुरतं ठीक.

पार्लरमध्ये "हायड्रोजेल", "बायोपॉलिमर", "व्हिटॅमिनचं जेल" म्हणून जे टोचतात ते बहुतेक वेळा द्रव सिलिकॉन किंवा त्याचा भाऊबंद. आत पसरतं, वर्षांनी गाठी येतात, कातडी काळी-कडक पडते, आणि शस्त्रक्रियेनेही पूर्ण निघत नाही. याच्या जवळपासही फिरकू नका.

बैठका_शंभर

टाका साहेबांचं सगळं मान्य, पण क्रम उलटा करा असं सुचवीन. बीएमआय १८.४ म्हणजे चरबीबरोबर स्नायूही नाही. आठ-दहा महिने आधी स्नायू चढवा.

तालमीतल्या बैठका इथे फार उपयोगी नाहीत, नाव माझं तसलं असलं तरी. टाच उचलून, चवड्यावर, शंभर-दोनशेच्या संख्येत मारलेली बैठक मांडीच्या पुढच्या बाजूला आणि दमाला जाते. कुल्ल्याला वजन लागतं. हिप थ्रस्ट (पाठ बाकाला टेकवून, ओटीपोटाखाली वजन घेऊन कुल्ले वर उचलणं), टाच जमिनीवर ठेवून खोल स्क्वॉट, रोमानियन डेडलिफ्ट (गुडघे किंचित वाकवून, कुल्ले मागे नेत वजन खाली-वर करणं), गुडघ्याएवढ्या पायरीवर स्टेप-अप. आठवड्याला मिळून १२ ते १६ सेट, प्रत्येकी ८ ते १२ वेळा, शेवटच्या दोन वेळा अवघड जातील इतकं वजन, आणि जमलं की दर आठवड्याला थोडं वाढवायचं. हिप थ्रस्टमध्ये कंबर वर कमानीसारखी वाकवली तर काम पाठ करते. हनुवटी छातीकडे, बरगड्या खाली.

प्रथिनं वजनाच्या १.६ पट ग्रॅम, म्हणजे तुम्हाला ७४. म्हशीच्या दुधाच्या २५० मिलीत साधारण नऊ ग्रॅम, एका अंड्यात सहा. पांढऱ्या रश्श्यात प्रथिनं आहेत असं समजू नका, ती त्यातल्या मटणात आहेत. रोज तीनशे कॅलरी जास्त खाल्ल्या तर आठवड्याला पाव किलोच्या आसपास चढेल. त्याहून वेगाने चढलं तर ते बहुतेक पोटावर. (टाका साहेबांना हवंच आहे म्हणा ते.)

व्यायामाने बाजूचे खळगे भरत नाहीत, हे आधीच सांगतो. ती हाडांची ठेवण आहे. पण मागचं टोक स्नायूने आलं तर तुमची ती ४५०-६०० मिली चरबी पूर्ण खळग्यांसाठी शिल्लक राहते.

टाका_क्रमांक_तीन

हे शेवटचं वाक्य माझ्या प्रतिसादात असायला हवं होतं.

ड्रेसिंग_टेबल

बसण्याचं आणि घरचं मी सांगते.

पहिले दोन आठवडे कुल्ल्यांवर अजिबात बसायचं नाही. झोप पालथी किंवा कुशीवर. खळगे भरले असतील तर कूसही नाही, पालथंच. पोटाखाली पातळ उशी घ्या, नाहीतर पाठ धरते. तिसऱ्या आठवड्यापासून सहाव्यापर्यंत बसायचं ते मांडीखाली लोड घेऊन. घरातला गोल लोड चालतो, फार मऊ नको. तो मांडीच्या मागे येतो आणि कुल्ले मागे अधांतरी राहतात. एका वेळी अर्धा तास, मग उठून चालायचं. मधे भोक असलेली मूळव्याधीची गादी घेऊ नका, तिच्या कडेवर नेमका भरलेला भाग दाबला जातो. मांडी घालून जमिनीवर बसणं सहा आठवडे बंद. सगळं वजन बसायच्या हाडांवर आणि त्यावरच्या चरबीवर येतं. स्कूटीही सहा आठवड्यांनंतरच. सीट दाबते, वर धक्के, आणि शिरोलीचा रस्ता तुम्हाला माहीत आहे. कामावर बसून काम असेल तर तीन आठवडे रजा धरा, उभ्याचं असेल तर दोन.

पुण्याहून कोल्हापूर सुमारे २३० किलोमीटर, पाच तास. त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी निघू नका, पहिल्या ड्रेसिंगपर्यंत पाच-सहा दिवस तिथेच राहा. मोठी गाडी, मागची सीट पूर्ण मोकळी, पालथं झोपून. दर दीड तासाला थांबून दहा मिनिटं चालायचं, पायात रक्त गोठू नये म्हणून. एसटी नाही. मुंबईला केलंत तर महालक्ष्मी एक्सप्रेसचा खालचा बर्थ मोटारीपेक्षा बरा, पालथं पडून येता येतं. गर्भनिरोधक गोळ्या चालू असतील तर चार आठवडे आधी थांबवण्याबद्दल डॉक्टरांशी बोला, रक्त गोठण्याचा धोका त्याने वाढतो.

गारमेंट चरबी काढलेल्या जागांवर घट्ट, आणि कुल्ल्यांवर मोकळं किंवा कापलेलं असावं. सगळीकडे सारखं दाबणारं शेपवेअर दुकानातून आणलंत तर भरलेली चरबी तुम्हीच मारणार. पहिले तीन आठवडे अंघोळ सोडून दिवसभर, पुढे सहा आठवडे होईपर्यंत दिवसाचे बारा तास. दोन घ्या. पावसाळ्यात एक वाळत नाही आणि ओलं घातलं की जांघेत नायटा. कंबरेच्या घडीत गुंडाळी झाली तर कायमची खाच पडते; बारीक अंगाला ती लवकर पडते, म्हणून खाली फोम.

पहिल्या दोन आठवड्यांत आकार बघून खूश होऊ नका. त्यात सूज आणि द्रव आहे. सहाव्या आठवड्याला "सगळं गेलं" म्हणून रडणाऱ्या पुष्कळ. तीन महिन्यांना आकार ठरतो, सहाला फोटो काढा. या काळात वजन उतरू द्यायचं नाही. नवरात्र त्यात येत असेल तर नऊ दिवसांचे कडक उपास या वर्षी नकोत, अंबाबाई समजून घेईल.

तंबाखू चार आठवडे आधी आणि सहा आठवडे नंतर पूर्ण बंद. "सिगारेट नाही ओढत" म्हणताना मशेरी विसरतात. मशेरीतही निकोटिनच असतं, रक्तवाहिन्या तशाच आवळतात आणि चरबी उपाशी मरते.

एक गोष्ट कोणी सांगत नाही म्हणून सांगते. शस्त्रक्रियेनंतर तीन ते आठ आठवड्यांनी, सगळं बरं झाल्यावर, एखाद्या जागी लालसर, फारशी न दुखणारी गाठ आली, फुटून पातळ पाणी आलं, आणि नेहमीच्या अँटिबायोटिकने हटत नसेल, तर ते पाण्यातले टीबीच्या जातकुळीतले जंतू असू शकतात. कॅन्युला आतून पोकळ. तिला ब्रश न घालता नुसती औषधाच्या पाण्यात बुडवली आणि नळाच्या पाण्याने धुतली की ते आत राहतात. अशा पुवाची साधी तपासणी पुरत नाही, मायकोबॅक्टेरियाचं कल्चर लावा असं स्पष्ट सांगावं लागतं. उपचार महिनोन् महिने. म्हणून आधीच विचारा, कॅन्युला ऑटोक्लेव्ह (दाबाच्या वाफेने निर्जंतुक) करता ना. याउलट ताप, एका बाजूला झपाट्याने वाढणारी लाली, किंवा दिसतंय त्यापेक्षा कितीतरी जास्त दुखणं असं पहिल्या आठवड्यात झालं, तर त्याच रात्री दाखवा. एका पायाची पोटरी सुजली किंवा दम लागला तरी तेच.

कटीबद्ध

सगळ्यांचे आभार. आधी जिम, मग दोन किलो, मग चिमटा, या क्रमाने जाते. एकच राहिलं: घरी भारतीय पद्धतीचा संडास आहे. चालेल का?

ड्रेसिंग_टेबल

उकिडवं बसल्याने कुल्ल्यांवर वजन येत नाही, पण कातडी ताणते, घडीतले टाके ओढले जातात, आणि पहिल्या दिवसांत रक्त कमी असताना उठताना चक्कर येते. दहा-बारा दिवस कमोडची खुर्ची भाड्याने आणा. तिच्यावर पुढे झुकून, भार मांड्यांवर घेऊन, पाच मिनिटांत आटपायचं. गारमेंट खाली भोक असलेलंच घ्या, नाहीतर प्रत्येक वेळी काढायला दुसरं माणूस लागतं. आणि शौचाला खडा होऊ नये म्हणून पहिल्या दिवसापासून इसबगोल, कारण दुखण्याच्या गोळ्यांनी हमखास बद्धकोष्ठ होतं. शी झाल्यावर धुताना हात पुढून मागे, घडीत टाका असेल तर लगेच कोरडं टिपून घ्यायचं.